दुपारी एकला बंद पडणारा कॉम्प्युटर : दुकानात न्यायच्या आधी घरीच उघडून बघा

एप्रिलमध्ये मामांचा फोन आला, "अरे तो कॉम्प्युटर रोज दुपारी एक-दीडला आपोआप बंद पडलालाय, सकाळी मस्त चालतोय, बिलं काढायचीत, जरा येऊन बघ की." मामांचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, खाली टॉवेलचे चार लूम आणि वर राहायला, ऑफिस म्हणजे वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली. त्यांनी आधी एका दुकानात दाखवला होता, तिथं पाच मिनिटात निकाल लागला, मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेलाय, साडेचार हजार. आता मदरबोर्डच गेला असता तर त्याला सकाळ कुठली अन् दुपार कुठली हे कसं कळलं असतं, एवढं कुणीच विचारलं नाही.

सकाळी चालतो आणि दुपारी बंद पडतो म्हणजे नव्वद टक्के गरमीचा मामला असतो, आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याखाली तर विचारूच नका. प्रोसेसर, म्हणजे सगळं काम करणारी मुख्य चिप, १०० डिग्रीच्या आसपास गेला की आधी स्वतःचा स्पीड कमी करतो आणि तरी भागलं नाही तर जळू नये म्हणून मशीनच बंद करतो. म्हणजे बंद पडणं हा बिघाड नाहीच, तो जीव वाचवतोय.

खात्री करायची असेल तर मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये जा, तिथं हार्डवेअर मॉनिटर नाहीतर पीसी हेल्थ असं काहीतरी असतं, त्यात सीपीयू टेंपरेचर म्हणजे प्रोसेसरची गरमी दिसते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिथं ४५-५५ दिसलं तर चालतंय. मामांच्या मशीनला ८८ होतं आणि बघता बघता वर चाललं होतं. इथंच कळलं काय ते.

आता उघडायचं. आधी मशीन बंद करा आणि मागची पॉवर केबल काढा, नुसतं भिंतीचं बटण बंद करून भागत नाही कारण यूपीएस असेल तर तो मागनं करंट देतच असतो. केबल काढली की पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. कॅबिनेट गच्चीवर नाहीतर गॅलरीत न्या, बेडवर उघडू नका, मी एकदा उघडला होता आणि मग आईनं आठवडाभर ऐकवलं. आत हात घालायच्या आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावत जा, म्हणजे अंगावर साठलेला स्टॅटिकचा करंट पार्टांत न जाता पत्र्यात उतरतो. आणि कुठलीही वायर काढायच्या आधी मोबाईलनं फोटो काढा, खासकरून पॉवर बटणाच्या त्या चार-पाच बारीक वायरींचा, त्या चुकल्या की मशीन चालूच होत नाही आणि माणूस उगाच घाबरतो.

मागचे दोन स्क्रू काढले की डावा पत्रा मागं सरकून निघतो. मामांचा पत्रा काढला आणि आत अक्षरशः टॉवेल विणून तयार. खाली लूम चालतात, सुताचं बारीक तूस दिवसभर हवेत असतंय, पंखा ते ओढत राहतो आणि ते हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची गरमी ओढून घेणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर, जाऊन बसतं. वरनं बघितलं तर पंख्यावर थोडी धूळ, बाकी सगळं ठीक वाटतं. खरा माल पंख्याच्या खाली असतो, पंखा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांच्या मधे. पंखा सोडवून बाजूला केला तर खाली नमदा असतो तसा जाड थर, चिमटीत धरून एका तुकड्यात उचलला मी तो, पांढऱ्यात मधेच हिरवी रेघ. मामा म्हणले, "ही गेल्या दिवाळीची हिरव्या बॉर्डरची ऑर्डर." म्हणजे ऑर्डरबुक आतच होतं. लूम नसलेल्या घरात एवढं निघत नाही, पण रस्त्यालगत घर असेल तर मातीची बारीक पूड तेवढीच असते.

साफ करायला रंगाचा एक इंची नवा ब्रश, जुना टूथब्रश आणि हातातला छोटा ब्लोअर बास होतो. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, हवेनं तो भर्रकन फिरला तर बेअरिंग जातं आणि उलटा करंट तयार होऊन बोर्डाकडं जातो. कारखान्यात कॉम्प्रेसर असतो म्हणून त्याचीच नळी आत धरतात लोक, नका धरू, त्याच्या हवेतनं पाणी येतं आणि प्रेशरनं बारीक पार्ट उपटतात. घरातला व्हॅक्युम क्लीनर पण आत घालू नका, त्याच्या नळीला स्टॅटिक तयार होतं. ओलं फडकं तर अजिबात नाही, हे सांगायची गरज नव्हती पण मामी घेऊनच उभ्या होत्या.

नुसत्या सफाईनं बहुतेक मशीन सुधरतात. पण चार-पाच वर्षं झाली असतील तर प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली गरमी वाहून नेणारी पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती पण बदलून घ्या. इंटेलचा कंपनीचा कूलर (पंखा आणि हीटसिंक मिळून) असेल तर त्याला चार काळ्या खुंट्या असतात, त्यांच्या डोक्यावर बाण असतो, बाणाच्या दिशेनं फिरवायच्या आणि वर ओढायच्या, निघतो. एएमडीचं जुनं मशीन असेल तर सावकाश, त्यात पेस्ट चिकटली असली तर कूलरबरोबर प्रोसेसरच उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकल्या की संपलं. म्हणून आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट जरा गरम होऊ द्या, मग बंद करून, केबल काढून, कूलर डावी-उजवीकडं हळूहळू पिळत सोडवा.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बाटली मिळते. कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, चिकट थर राहतो. नवी पेस्ट तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी, मधोमध, बास. लोणी लावल्यासारखी थापायची नाही, कूलर दाबला की ती आपोआप पसरते. मग खुंट्या बाणाच्या उलट फिरवून पहिल्या जागी आणायच्या आणि एकदम शेजारच्या न दाबता समोरासमोरच्या दाबायच्या, प्रत्येकीचा टक आवाज आला पाहिजे. माझी एक खुंटी पहिल्यांदा बसलीच नव्हती, मला वाटलं बसली, चालू केलं तर दोन मिनिटात ९० वर. बंद केलं, बोर्ड पाठीमागनं बघितला, तीन खुंट्यांची टोकं बाहेर आलेली आणि चौथीचं नाही. पुन्हा पुसा, पुन्हा पेस्ट. दुसऱ्यांदा ४८ ला येऊन थांबलं.

उघडलंच आहे तर रॅम, म्हणजे बोर्डावर उभी बसवलेली मेमरीची पट्टी, पण काढून पुसा. दोन्ही टोकांच्या कड्या बाहेर दाबल्या की रॅम वर येते. सोनेरी पट्टीवर शाळेतला पांढरा मऊ खोडरबर दोन-तीनदा हलकेच फिरवा, शाई खोडायचा खरखरीत रबर नको, तो सोन्याचा मुलामाच काढतो. रबराचा कचरा झटकून खाच बघून परत बसवा, दोन्ही कड्या आपोआप लागल्या पाहिजेत. चालू केल्यावर मशीन नुसतं बीप-बीप करतंय आणि स्क्रीन काळी, असं असेल तर बहुतेक वेळा एवढ्यानंच काम होतं. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, कुठली खराब ते कळतं.

बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. हा उतरला की मशीन प्रत्येक वेळी तारीख विसरतं. मामांची जीएसटीची साइट उघडत नव्हती, ब्राउझर म्हणायचा कनेक्शन सुरक्षित नाही, आणि मामांना वाटलं व्हायरस. तारीख बघितली तर कॉम्प्युटर बारा-तेरा वर्षं मागं जगत होता. साइटच्या सर्टिफिकेटला तारीख असते, मशीनची तारीख चुकली की ते सगळ्या जगावर संशय घेतं. मल्टिमीटरवर सेल २.७ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर नवा टाका, पाच मिनिटाचं काम आहे. टाकल्यावर बायोसमध्ये तारीख-वेळ नीट घाला.

मशीन पार मेलेलंच असेल, पंखा पण फिरत नाही, तर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला सगळ्यांना करंट पुरवणारा डबा, तपासा. सगळ्या वायरी बोर्डावरनं काढून, केबल लावायच्या आधी, त्याच्या मोठ्या २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची कुठलीही काळी वायर यू आकाराच्या पेपरक्लिपनं जोडा, मग केबल लावून चालू करा. पंखा फिरला तर निदान जिवंत आहे. पण पंखा फिरतोय म्हणजे चांगला असं नाही, मीटर डीसीवर ठेवून पिवळी वायर ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५ आणि नारंगी ३.१४ ते ३.४७ व्होल्टच्या मधे आहे का बघा. बाहेर असलं तर नवा आणा. आणि एक गोष्ट कान उघडून ऐका, एसएमपीएसचा डबा स्वतः उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट डीसी असतं आणि केबल काढल्यावर पण ते काही वेळ तसंच राहतं. बाकी सगळ्यात प्रयोग करा, ह्यात नाही.

मामींची एक जुनी तक्रार होती, "हा कॉम्प्युटर चावतो रे," म्हणजे पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. सगळे हसायचे. पण हे खरं असतंय. एसएमपीएसच्या आत तोंडाशीच दोन छोटे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात, अर्थिंग नसलं की बॉडीवर निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो, मीटर लावला तर ११०-११५ दाखवतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या, पण उद्या आत कायतरी शॉर्ट झालं तर ते थोडं राहणार नाही. मीटर हाताळायची सवय असेल तर एसीवर ठेवून सॉकेटमध्ये बघा, फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ पण जवळजवळ तेवढाच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. सवय नसेल तर वायरमनला बोलवा, पण समोर उभं राहून मोजून घ्या. काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका वायरनं जोडून देतात आणि पैसे घेऊन जातात, हे मारक आहे, न्यूट्रल कुठं तुटला तर कॅबिनेटचा पत्राच पूर्ण २३० चा होतो. मामांकडं अर्थिंगची वायर होती, खड्डा पण होता, फक्त उन्हाळ्यात मुरूम वाळून दगड झालेला. दोन बादल्या पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशी मुंग्या बंद. आता आठवड्याला एक बादली तिथं जाते.

एवढं सगळं करून मी घरी आलो आणि चार दिवसांनी परत फोन, परत बंद पडला. गेलो तर कॅबिनेटवर डबल बेडची सोलापुरी चादर, चारी बाजूनं नीट खोवलेली, आणि आत मशीन चालू! मामी म्हणल्या, "तूच म्हणलास ना कापूस जातोय आत." बरोबर होतं त्यांचं. मी कापूस काढला होता, पण तो येऊच नये म्हणून काय करायचं ते सांगितलंच नव्हतं.

मग जाळी केली. मच्छरदाणीची नायलॉनची जाळी, कॅबिनेटच्या पुढं जिथनं हवा आत जाते त्या मापाची, आणि जुन्या फ्रिजच्या दाराच्या रबरात लांब लोहचुंबकाची पट्टी असते ती कापून चारी कडांना शिवली. पत्र्याला टपकन चिकटते आणि ओढली की निघते. पुढचं तोंड प्लॅस्टिकचं असेल तर चुंबक धरत नाही, तिथं वेल्क्रो लावा. टॉवेलचं नाहीतर ओढणीचं कापड लावू नका, त्यातनं हवाच जात नाही आणि ती चादरच झाली परत. कॅबिनेट जमिनीवरनं उचलून जुन्या लाकडी पाटावर ठेवला आणि भिंतीपासनं वीतभर पुढं ओढला कारण गरम हवा मागनं निघते. चादर फक्त मशीन बंद असताना टाकायची.

मशीन हळू चालतं ही तक्रार वेगळी, ती सफाईनं जात नाही. जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर तिच्या जागी साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, टाका, जुन्या बोर्डाला पण चालते, फरक पहिल्या दिवशीच कळतो. डेटाची कॉपी मात्र आधी पेनड्राइव्हवर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि अशा जुन्या प्रोसेसरवर ११ सरळ बसत नाही, त्यामुळं त्या मशीनवर बँकेची कामं करू नका असं मी मामांना सांगितलंय, ते ऐकतील असं वाटत नाही.

जाळी धुवायचं काम मामींनी पाण्याच्या दिवसाला जोडून टाकलंय. चार-पाच दिवसाआड नळाला पाणी येतं, पिंप भरून झाली की जाळी काढायची, नळाखाली उलट्या बाजूनं धरायची म्हणजे तूस चिकटून न बसता सुटून येतं, झटकून दोरीवर टाकायची. ओली असताना परत लावायची नाही, अर्ध्या तासात वाळतेच.