एकाच कपाटात अडकलेल्या वाचकाने निरनिराळ्या प्रकारची पुस्तके कशी शोधावीत

मी अमळनेरला राहते. नोकरीच्या दिवसांत धुळ्याला एस.टी.ने रोजची ये-जा होती. त्या प्रवासात जे वाचले त्याच्या जोरावर पुढे घरातली, शाळेतली आणि गल्लीतली माणसे ‘काहीतरी वेगळे वाचायला द्या’ असे म्हणत माझ्याकडे येऊ लागली, आणि हे आता वीस-बावीस वर्षे चालले आहे. या काळात माझ्या ध्यानात आलेली गोष्ट अशी की, वेगळ्या प्रकारची पुस्तके मिळत नाहीत ही तक्रार बहुतेक वेळा खरी नसते. पुस्तके समोरच असतात. वाचक त्यांतले भलतेच पुस्तक आधी उचलतो, ते पुरे होत नाही, आणि तो सगळा प्रकारच आपल्यासाठी नाही असा निकाल देऊन आपल्या नेहमीच्या कपाटाकडे परततो. म्हणून या लेखात बाकीच्या पायऱ्या मी भराभर उरकणार आहे आणि अनोळखी प्रकारातले पहिले पुस्तक कसे निवडावे यापाशी थांबणार आहे.

वाचनालयाचे सभासदत्व तुमच्याकडे आहे असे मी गृहीत धरते. नसेल तर आधी ते घ्यावे.

आपले कपाट ओळखावे

अलीकडे वाचलेली पंधरा पुस्तके आठवून वहीत लिहावीत आणि प्रत्येकापुढे त्याचा प्रकार लिहावा. बहुतेकांची बारा-तेरा पुस्तके दोनच प्रकारांत बसतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पुढे जावे.

वाचनालयाचा नकाशा समजून घ्यावा

मोठ्या वाचनालयांत पुस्तके विषयवार लावलेली असतात आणि त्यामागे बहुधा मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये मांडलेली दशांश पद्धती असते. १०० पासून तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र, २०० पासून धर्म, ३०० सामाजिक शास्त्रे, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ६०० शेती, वैद्यक आणि तंत्रज्ञान, ७०० कला, ८०० साहित्य, ९०० इतिहास आणि भूगोल. या पद्धतीत मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६ आहे. म्हणजे आपण सहज बोलताना ज्याला ‘वाचन’ म्हणतो, त्या कथा, कादंबऱ्या, नाटके आणि कविता एका आकड्याच्या पोटात मावतात, आणि उरलेली सगळी कपाटे आपण न पाहता ओलांडून जातो.

तालुक्याच्या लहान वाचनालयांत आकडे क्वचितच पाळलेले असतात. तिथे कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन, धार्मिक अशा पाट्या असतात आणि कोपऱ्यात, बहुधा पंख्याचा वारा न पोहोचणाऱ्या जागी, ‘संकीर्ण’ अशी एक पाटी असते. मी अनोळखी वाचनालयात गेले की आधी तिथेच जाते. कुठे ठेवावे हे कोणालाच न कळलेले प्रत्येक पुस्तक तिथे येऊन पडते: मधमाश्या, जुनी नाणी, विहिरींचे बांधकाम, तुरुंगातल्या आठवणी, घड्याळदुरुस्ती. या कपाटापुढे अर्धा तास उभे राहावे, काहीही घरी नेऊ नये आणि कुतूहल वाटलेली चार नावे तेवढी लिहून घ्यावीत.

शिफारशींविषयी एक सूचना

‘वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तके’ या जातीच्या याद्या बाजूला ठेवाव्यात, कारण त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. ‘एखादे चांगले पुस्तक सुचवा’ असेही कोणाला म्हणू नये, कारण मग समोरचा माणूस स्वतःची अभिरुची शोभून दिसेल अशी पाच नावे सांगतो. ग्रंथपालांना विचारावे ते असे: ‘कथा-कादंबऱ्या सोडून, लोक मुदत वाढवून मागतात अशी पुस्तके कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना नोंदवहीतून द्यावे लागते, म्हणून ते खरे असते.

अनोळखी प्रकारातले पहिले पुस्तक

इथे मी स्वतः आपटले आहे. अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञानाचे एक केंद्र आहे. त्या वास्तूवरून येता-जाता आपल्याला त्या विषयातले काहीच कळत नाही याची मला लाज वाटत असे. एका उन्हाळ्यात, सगळे जाणकार एकमुखाने थोर म्हणतात असा भारतीय दर्शनांवरचा एक जाडजूड ग्रंथ मी घरी आणला. तिसाव्या पानापर्यंत मी कशीबशी पोहोचले, तो तसाच परत केला आणि पुढची आठ वर्षे तत्त्वज्ञानाच्या कपाटासमोर उभीसुद्धा राहिले नाही. दोष त्या ग्रंथाचा नव्हता. ज्यांना आधीच काही प्रश्न पडलेले आहेत अशा वाचकांसाठी तो लिहिलेला होता, आणि मी तर नुसती लाज घेऊन त्याच्याकडे गेले होते.

आठ वर्षांनी आईची स्मृती गेली. ती मला ओळखेनाशी झाली, तिच्या आवडीनिवडी बदलल्या, तिचा आवाजही निराळा वाटू लागला, आणि तिच्या उशाशी बसून मला एकच प्रश्न छळू लागला की, आठवणी गेलेल्या माणसाला आपण तेच माणूस कशाच्या आधारावर म्हणतो. हा प्रश्न मी एका निवृत्त प्राध्यापकांना विचारला, तेव्हा त्यांनी महाविद्यालयातल्या मुलांसाठी लिहिलेले, जेमतेम सव्वाशे पानांचे एक पुस्तक माझ्या हाती दिले. ते मी दोन रात्रींत वाचले. त्यानंतर तोच जुना जाडजूड ग्रंथ पुन्हा आणला, त्यातले आत्म्याविषयीचे एकच प्रकरण वाचले आणि ते समजले.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे आणि त्याला मी अपवाद करत नाही. नव्या प्रकाराकडे प्रसिद्धीच्या दाराने जाऊ नये, प्रश्नाच्या दाराने जावे. ‘मला विज्ञान वाचायचे आहे’ हा प्रश्न होत नाही. दर महिन्याला एक प्रकार असे वेळापत्रक आखणे त्याहून वाईट, कारण भूक नसताना वाढलेल्या ताटासारखे ते दुसऱ्याच महिन्यात नकोसे होते.

प्रश्न कुठून आणायचे, असे मला नेहमी विचारले जाते. त्यासाठी लांब जावे लागत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आपल्याकडची असंख्य माणसे जातात, दर्शन घेतात आणि जेवून परत येतात. त्याच पाटण्याला यादवकाळातला, सन १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ ११५० चा, आणि त्याचा अंकगणितावरचा ‘लीलावती’ हा भाग श्लोकांत रचलेला आहे. आता गणित श्लोकांत का लिहीत असत, असा प्रश्न पडला तर तुम्ही गणिताच्या इतिहासाच्या कपाटापाशी आलात. दगडावरची जुनी अक्षरे कशी वाचतात, असे वाटले तर लिपिशास्त्रापाशी आलात. मठाला दान कोण देत होते हे विचारले की यादवांचा इतिहास येतो, आणि भोवतीच्या गौताळ्याच्या रानातल्या झाडांची नावे विचारली की वनस्पतींचे कपाट येते. परतीच्या वाटेवर चाळीसगावात केकी मूस यांचे कलादालन पाहिले आणि हा माणूस घराबाहेर फारसे न पडता आयुष्यभर छायाचित्रे काढत कसा राहिला असे मनात आले, तर कलेचे कपाट आणि चरित्राचे कपाट एकाच वेळी उघडते. एका दिवसाच्या सहलीतून पाच-सहा कपाटे निघाली, आणि त्यांतले एकही कोणाच्या यादीवरून आलेले नाही.

प्रश्न हाती आला की त्या कपाटातली तीन-चार पुस्तके टेबलावर आणून तपासावीत. मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नये. तो विक्रीसाठी लिहिलेला असतो. आपल्याकडे दुसऱ्या मोठ्या लेखकाची लांबलचक प्रस्तावना जोडण्याची रीत आहे; पहिल्या भेटीत तीही सोडावी आणि लेखकाचे स्वतःचे मनोगत वाचावे. हे पुस्तक कोणासाठी लिहिले आहे हे ज्या लेखकाला दोन पानांत सांगता येत नाही, त्याने ते कोणासाठीच लिहिलेले नसते, असे माझे मत आहे. त्यानंतर अनुक्रमणिकेत आपला प्रश्न कुठे बसतो ते शोधावे आणि मधलीच कोणतीही दोन पाने सलग वाचावीत. पहिल्या पानावर सगळेच लेखक सावध असतात. खरी भाषा मधल्या पानांवर कळते. त्या दोन पानांत तीनहून अधिक वाक्ये पुन्हा वाचावी लागली, तर पुस्तक कितीही थोर असले तरी ते तुमचे पहिले पुस्तक नव्हे. ते चौथे असेल. शंका राहिली तर दोनशे पानांच्या आतले निवडावे.

प्रकाराप्रमाणे काही धोके वेगळे असतात. विज्ञान, वैद्यक, कायदा आणि शेती या विषयांत आवृत्तीचे साल पाहिल्याशिवाय पुस्तक उचलू नये. पस्तीस वर्षांपूर्वीचे औषधांवरचे पुस्तक वाचण्यापेक्षा न वाचलेले बरे. अनुवादित पुस्तकावर अनुवादकाचे नाव ठळक नसेल तर ते मी जागेवर ठेवून देते, कारण ज्या प्रकाशकाला अनुवादकाची किंमत नाही त्याने अनुवादाकडेही लक्ष दिलेले नसते. दुसऱ्या भारतीय भाषांतले काही वाचायचे असेल, तर साहित्य अकादमीचे अनुवाद आणि नॅशनल बुक ट्रस्टची ‘आदान-प्रदान’ माला या दोन जागा आधी पाहाव्यात.

इतिहासात साधने आणि इतिहास यांची गल्लत करू नये. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, ते १९२७ पासूनचे, आणि त्याचा आपल्याला अभिमान आहेच; परंतु त्या अभिमानापोटी थेट राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या बावीस खंडांपैकी एखादा खंड घरी आणणारा उत्साही वाचक मी पाहिला आहे, आणि त्याने पुढे इतिहास वाचलाच नाही. ती संशोधकासाठी छापलेली पत्रे आहेत. आधी कोणीतरी सलग सांगितलेला इतिहास वाचावा. पत्रांकडे मग आपोआप जाणे होते.

कवितेत समग्र संग्रहापासून कधीही सुरुवात करू नये, आणि मनातल्या मनात तर मुळीच वाचू नये. खानदेशातल्या वाचकाला इथे एक सोय आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या आणि गाणी इतरांनी उतरवून घेतली आणि १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये त्यांचा संग्रह निघाला. जी भाषा आपल्या आजीच्या तोंडी होती ती छापलेली दिसते तेव्हा कवितेची भीती कमी होते. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त कंडक्टर काकांना मी तेच पुस्तक दिले आणि रोज एक कविता काकूंना मोठ्याने वाचून दाखवा असे सांगितले. महिन्याभराने ते बोलीभाषांवर काही आहे का, असे विचारत आले, म्हणजे ४०० च्या कपाटापाशी स्वतःच्या पायांनी पोहोचले.

नमुने चाखण्याची स्वस्त जागा

दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून कथा, कविता, प्रवास, व्यंगचित्रे आणि वैचारिक लेख एकाच बांधणीत मिळण्याची सोय मराठी वाचकाला झालेली आहे, आणि अनेक वाचनालये थोड्या पैशांत हे अंक आळीपाळीने घरी देतात. आपण सवयीने वगळतो तोच लेख आधी वाचावा, एवढीच अट.

विश्वकोशाचा उपयोग

मराठी विश्वकोश आता संगणकावर किंवा फोनवर विनामूल्य वाचता येतो. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. त्यातली एक नोंद वाचावी, तिच्यात निर्देश केलेल्या दुसऱ्या नोंदीकडे जावे आणि तिसऱ्या नोंदीवर थांबावे. तिथपर्यंत विषय हमखास बदललेला असतो. नोंदीखालचे संदर्भग्रंथ बहुतेक इंग्रजी असतात, म्हणून मराठी पुस्तकासाठी पुन्हा ग्रंथपालांकडेच जावे लागते.

सोडून देणे आणि नोंद ठेवणे

साठ पाने वाचूनही ओढ लागली नाही तर पुस्तक परत करावे, मात्र प्रकार सोडू नये. त्याच कपाटातले दुसरे, अधिक पातळ पुस्तक त्याच दिवशी आणावे. माझी आठ वर्षे गेली ती हे न केल्यामुळे.

वहीत तीन रकाने आखावेत: प्रश्न, पुस्तक आणि त्या पुस्तकातून निघालेला नवा प्रश्न. तिसरा रकाना सलग दोनदा रिकामा राहिला तर पुन्हा ‘संकीर्ण’च्या कपाटाकडे जावे. माझ्या वहीतल्या सध्याच्या शेवटच्या ओळीत पहिल्या रकान्यात ‘रावेर-यावलच्या केळ्यात बी का नसते’ असे लिहिले आहे, दुसऱ्यात वनस्पतींवरच्या एका दीडशे पानी पुस्तकाचा दाखल क्रमांक आहे, आणि तिसऱ्यात कालच लिहिले: ‘मग बी नसलेले पहिले झाड माणसाने ओळखले कसे?’