परीक्षेच्या ऑनलाइन अर्जातील फोटो आणि सही : या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरताना उमेदवार गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र यांवर तासभर घालवतो आणि फोटोसाठी शेवटची पाच मिनिटे राखून ठेवतो. संकेतस्थळाने फाइल घेतली की फोटो मंजूर झाला, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात संकेतस्थळ त्या क्षणी मुख्यतः फाइलचा प्रकार, तिचा आकार किती केबी आहे आणि काही ठिकाणी पिक्सेल एवढेच तपासते. चेहरा ओळखू येतो का, फोटो जुना आहे का, चष्म्यावर प्रकाश चमकला आहे का, हे पुढे छाननीत किंवा थेट परीक्षा केंद्राच्या दारात पाहिले जाते. त्यामुळे संकेतस्थळ जागच्या जागी अडवते त्या चुकांपेक्षा ते मुकाट्याने पुढे जाऊ देते त्या चुका अधिक घातक ठरतात, कारण त्या लक्षात येईपर्यंत अर्जाची मुदत बहुधा संपलेली असते.

एकच फोटो सगळीकडे वापरणे

बँकेच्या परीक्षेसाठी तयार केलेला फोटो जपून ठेवून तोच प्रत्येक अर्जाला जोडण्याची सवय फार जणांना असते, पण प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे आहेत. आयबीपीएसच्या बँक भरतीत फोटो २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी एवढा मागतात. नागरी सेवा परीक्षेच्या २०२४ च्या सूचनेत संघ लोकसेवा आयोगाने फोटो अर्जप्रक्रिया सुरू होण्याच्या १० दिवसांपेक्षा जुना नसावा, चेहऱ्याने फोटोचा तीन चतुर्थांश भाग व्यापावा आणि उमेदवाराचे नाव व फोटो काढल्याची तारीख फोटोवरच स्पष्ट दिसावी, असे सांगितले होते. एनटीए म्हणजे राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या प्रवेश परीक्षांमध्ये पांढऱ्या पार्श्वभूमीवर कानांसह ८० टक्के चेहरा दिसण्याची अट असते. म्हणजे एका ठिकाणी नाव आणि तारीख नसणे ही त्रुटी ठरते, तर दुसऱ्या ठिकाणी फोटोवरच्या त्याच नाव-तारखेला काही अर्थ नसतो. मागच्या वर्षीच्या आठवणीवर किंवा मित्राने सांगितलेल्या आकड्यांवर विसंबू नये, कारण हे आकडे बदलतात. त्या भरतीच्या चालू जाहिरातीतील फोटोविषयीचे परिशिष्ट, बहुधा शेवटच्या पानांत असते ते, अर्ज उघडण्यापूर्वीच वाचावे.

सेंटीमीटर, पिक्सेल आणि केबी यांची गल्लत

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सेंटीमीटर हे कागदावर छापलेल्या फोटोचे माप आहे, पिक्सेल हे पडद्यावरील चित्राच्या लांबीरुंदीचे माप आहे आणि केबी हे फाइल किती जागा घेते त्याचे माप आहे. एकच चित्र, पिक्सेल तेवढेच ठेवून, १० केबीचेही होऊ शकते आणि ६० केबीचेही, कारण फरक जेपीजीच्या गुणवत्तेत असतो. डीपीआय, म्हणजे छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे तो आकडा, पिक्सेल आणि सेंटीमीटर यांना जोडतो. ३.५ × ४.५ सेंटीमीटरचा फोटो २०० डीपीआयला सुमारे २७६ × ३५४ पिक्सेलचा होतो आणि ३०० डीपीआयला ४१३ × ५३१ पिक्सेलचा. पिक्सेल न बदलता नुसता डीपीआयचा आकडा बदलला, तर पडद्यावरील चित्रात काहीच फरक पडत नाही.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. अनेक जाहिरातींत ३.५ × ४.५ सेंटीमीटर आणि २०० × २३० पिक्सेल ही दोन्ही मापे शेजारी शेजारी दिलेली असतात, मात्र त्यांचे प्रमाण एकच नाही. ३.५ × ४.५ च्या प्रमाणात २०० पिक्सेल रुंदीला सुमारे २५७ पिक्सेल उंची यायला हवी. पासपोर्ट फोटो घेऊन त्यावर २०० आणि २३० हे आकडे दामटून बसवले, की उंची दाबली जाते आणि चेहरा मूळच्या मानाने सुमारे १२ टक्के रुंद दिसू लागतो. गाल फुगलेला, हनुवटी चपटी असा स्वतःचाच फोटो पाहून उमेदवार फोटोग्राफरला दोष देतो, मात्र दोष मापाचा असतो. उपाय सोपा आहे. लांबीरुंदीचे प्रमाण कुलूपबंद (लॉक) ठेवून आधी रुंदी २०० करावी आणि मग वरची रिकामी भिंत किंवा खालचा छातीचा भाग मिळून २७ पिक्सेल कापून टाकावेत. क्रॉप केल्याने चेहरा बिघडत नाही, ताणल्याने किंवा दाबल्याने बिघडतो.

फाइल मोठी झाल्याची तक्रार सगळे करतात, पण ती फार लहान झाल्यानेही अर्ज अडतो. ओळखीतल्या एका मुलाच्या अर्जात फोटो ११ केबीचा झाला होता आणि किमान मर्यादा २० केबीची होती. त्याने तो लहान फोटोच पुन्हा मोठा करून पाहिला. केबी वाढले, पण डोळ्यांच्या जागी दोन धुरकट डाग उरले. अशा वेळी बिघडलेली प्रत दुरुस्त करत बसू नये, मूळ फोटोकडे परत जावे, हव्या पिक्सेलमध्ये क्रॉप करावे आणि जेपीजी साठवताना गुणवत्ता ९५ किंवा त्याहून वर ठेवावी. बहुतेक वेळा फाइल आपोआप मर्यादेत येते. विंडोजच्या फोटोज अॅपमध्ये आकार बदलताना गुणवत्तेची पट्टी सरकवता येते, तर पेंटमध्ये ती सोय नाही. मर्यादा ५० केबी असेल तर फाइल ४० ते ४५ केबींच्या दरम्यान ठेवणे शहाणपणाचे, कारण काठावरची फाइल एखादे संकेतस्थळ घेते आणि एखादे नाकारते. शिवाय संगणकावर गुणधर्म पाहताना ‘साइज’ हा आकडा पाहावा. ‘साइज ऑन डिस्क’ बहुधा ४ केबींच्या पटीत वर ढकललेला असतो आणि उगाच घाबरवतो.

फाइल जेपीजी दिसते, पण जेपीजी नसते

आयफोन २०१७ पासून फोटो मूळ सेटिंगनुसार एचईआयसी या प्रकारात साठवतो. तो अपलोड होत नाही म्हणून काही जण फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलून जेपीजी लिहितात. नाव बदलल्याने आतील रचना बदलत नाही, त्यामुळे संकेतस्थळ ‘अवैध फाइल’ असा निरोप देते आणि उमेदवार केबी कमी करत बसतो. अशी फाइल चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये उघडून जेपीजी म्हणून नव्याने साठवावी लागते, किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडून फोटो पुन्हा काढावा लागतो. विंडोजमध्ये फाइलचा प्रकार लपवलेला असल्यास ‘फोटो.जेपीजी.जेपीजी’ असे दुहेरी नाव पडते, हाही एक कारण न सापडणारा अडथळा आहे.

मोबाइलवर सरळ दिसणारा फोटो अर्जात आडवा पडतो, याचे कारण असे की फोन बऱ्याचदा चित्र फिरवत नाही, ते कसे फिरवून दाखवायचे याची नोंद फक्त फाइलमध्ये ठेवतो, आणि काही संकेतस्थळे ती नोंद वाचत नाहीत. संगणकावर फोटो उघडून, सरळ करून, नव्याने साठवला की प्रश्न मिटतो.

व्हॉट्सअॅपबद्दल मात्र गैरसमज जास्त आहे. तिथून आलेला फोटो दाबलेला असतो हे खरे, पण एवढ्या लहान मापासाठी तो बहुधा पुरतो. खरे नुकसान होते ते छापील पासपोर्ट फोटोचा मोबाइलने फोटो काढून तो पुढे पाठवल्याने. कागदाची चमक, बोटाची सावली आणि वाकडी चौकट असे सगळेच त्यात येते.

फोटो काढतानाच्या चुका

हात लांब करून पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत जवळून घेतल्यामुळे नाक मोठे आणि कान मागे सरकलेले दिसतात. दुसऱ्या कोणाला तरी दीड ते दोन मीटरवर उभे करून, मागच्या कॅमेऱ्याने, डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढून घ्यावा. काही फोन सेल्फी आरशातल्यासारखी उलटी साठवतात. डाव्या गालावरचा तीळ मग उजव्या गालावर जातो आणि ओळख पटवणाऱ्या पर्यवेक्षकाला शंका यायला तेवढे पुरे होते. मूळ फोटोतील शर्टाचा खिसा पाहावा. तो घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो, म्हणून सुलट फोटोत तो पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला यायला हवा.

भिंतीला पाठ टेकवून उभे राहिल्यास कानामागे काळी सावली पडते. भिंतीपासून एक मीटर पुढे यावे, तोंड खिडकीकडे करावे आणि फ्लॅश बंद ठेवावा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा शर्ट घालू नये, कारण खांदे भिंतीत विरून जातात. चष्म्याबाबत जाहिरात पाहावी. आयबीपीएस चष्मा चालवून घेते, मात्र काचेवर प्रतिबिंब नको आणि डोळे स्पष्ट दिसले पाहिजेत असे सांगते. कर्मचारी निवड आयोग मात्र चष्मा, टोपी आणि मास्क काढायलाच सांगतो.

फोटो सजवण्याचा मोह आवरावा. अनेक फोनमध्ये त्वचा गुळगुळीत करणारे फिल्टर आधीपासूनच चालू असते आणि उमेदवाराला त्याचा पत्ताही नसतो. पार्श्वभूमी आपोआप काढणाऱ्या अॅपमधून आलेला फोटो २०० टक्के मोठा करून कान आणि केस पाहावेत. निम्मा कान गायब झालेला मी स्वतः पाहिला आहे, आणि तो फोटो संकेतस्थळाने विनातक्रार घेतला होता. साधी चादर मागे ताणून लावणे हे अशा अॅपपेक्षा केव्हाही बरे. संघ लोकसेवा आयोगाने तर परीक्षेच्या प्रत्येक टप्प्यावर उमेदवाराचा चेहरा फोटोशी जुळला पाहिजे असे सूचनेतच लिहिले आहे, त्यामुळे दाढी ठेवायची की काढायची हे फोटोआधीच ठरवलेले बरे.

लाइव्ह फोटो

कर्मचारी निवड आयोगाच्या २०२४ मध्ये सुरू झालेल्या नव्या संकेतस्थळावर तयार फोटोऐवजी अर्ज भरतानाच कॅमेऱ्यातून फोटो घेतला जातो. इथे छापील फोटो किंवा मोबाइलच्या पडद्यावरील फोटो कॅमेऱ्यासमोर धरणे ही चूक होते आणि ती अर्ज नाकारला जाण्याचे कारण ठरू शकते. गर्दीच्या सायबर कॅफेत मागून दुसऱ्याचा चेहरा चौकटीत येतो, डोक्यावर पंखा किंवा ट्यूबलाइट दिसते. शक्य असल्यास हा टप्पा घरी, दिवसा पूर्ण करावा. ब्राउझरने कॅमेऱ्याची परवानगी मागितल्यावर घाईत ‘ब्लॉक’ दाबले गेले असेल तर कॅमेरा उघडतच नाही. अशा वेळी पत्त्याच्या पट्टीतील संकेतस्थळाच्या चिन्हावर दाबून परवानगी पुन्हा द्यावी आणि पान ताजे करावे.

सही, ठसा आणि घोषणापत्र

आयबीपीएसमध्ये सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने, १४० × ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी एवढी लागते. इंग्रजी कॅपिटल अक्षरांतील सही ग्राह्य धरली जात नाही. पूर्ण कागदाचा फोटो काढून तसाच लहान केला, तर सही मुंगीएवढी उरते, म्हणून सहीच्या कडेने क्रॉप करून मगच आकार बदलावा. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० × २४० पिक्सेलचा असतो. हस्तलिखित घोषणापत्र उमेदवाराने स्वतःच्या अक्षरात इंग्रजीत लिहायचे असते, तेही कॅपिटल अक्षरांत नाही. फोटोच्या जागी सही आणि सहीच्या जागी फोटो जाणे हे विनोदी वाटते, पण फाइलींची नावे ‘आयएमजी’ आणि पुढे आठ आकडे अशी असतील तर सहज घडते.

अंतिम सबमिट दाबण्यापूर्वी प्रिव्ह्यूमध्ये फोटो मोठा करून पाहावा आणि शक्य असल्यास तो घरातल्या दुसऱ्या कोणाला दाखवावा. अर्ज झाल्यावर मूळ मोठा फोटो, अर्जाला जोडलेली लहान प्रत आणि सहीची फाइल, तिन्ही परीक्षेच्या नावाने एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात. त्याच फोटोच्या काही छापील प्रतीही त्याच दिवशी काढून ठेवाव्यात, कारण प्रवेशपत्रावर चिकटवण्यासाठी अनेकदा अर्जातलाच फोटो मागतात आणि तोपर्यंत मोबाइल बदललेला असतो.