गिळायला शिकवण्याचं काम : नव्याने येणाऱ्यांसाठी

बीएएसएलपीला, म्हणजे वाचा आणि श्रवणदोषांवरील उपचारांच्या पदवीला, आलेल्या मुलांच्या डोक्यात उच्चार, तोतरेपणा आणि श्रवणयंत्रं असतात. गिळण्याच्या त्रासाकडे फार थोडी वळतात. कोल्हापुरात हे काम करताना मला रोज वाटतं की इकडे आणखी माणसं हवीत. पक्षाघात झालेले, पार्किन्सन्सचे, तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झालेले असे सगळे येतात. गुटखा-तंबाखू आपल्या भागात किती आहे, हे मी सांगायला नको.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. बारावी सायन्सनंतर चार वर्षांचं बीएएसएलपी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पुढे दोन वर्षांचं एमएएसएलपी, म्हणजे त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी, करता येतं.

या कामात व्यायाम शिकवण्याआधी बघायला शिकावं लागतं. घरचे सांगतात, "ठसका लागत नाही, म्हणजे बरं आहे." तसं नसतं. काहींच्या श्वासनलिकेत अन्न जातं आणि खोकलाही येत नाही. खाल्ल्यावर आवाज ओलसर, घोगरा होतोय का, वारंवार ताप किंवा न्यूमोनिया होतोय का, हे विचारा. तरी खात्री व्हिडिओफ्लुओरोस्कोपी (गिळतानाचा एक्स-रे व्हिडिओ) किंवा फीस (नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणं पाहणं) या तपासणीनेच होते. बेरियम मिसळलेला घास एक्स-रेखाली उतरताना एकदा पाहिला की सगळी शरीररचना डोळ्यांसमोर राहते.

तालमीत उतारवयापर्यंत रमलेल्या एका आबांनी मला विचारलं होतं, "मॅडम, गळ्याला कसला आलाय व्यायाम?" मी म्हटलं, "आबा, जोर-बैठकांसारखाच. जो स्नायू कमी पडतोय त्यालाच ताण द्यायचा, आणि तो हळूहळू वाढवायचा." त्यांना लगेच पटलं. विद्यार्थ्यांना मात्र हे पटायला वेळ लागतो. ती सगळ्या रुग्णांना व्यायामांचा एकच कागद देतात.

शेकर व्यायाम घ्या. उताणं झोपून, खांदे न उचलता फक्त डोकं उचलून पायाची बोटं बघायची. मूळ पद्धतीत 60 सेकंद धरायचं, 60 सेकंद विश्रांती, असं तीनदा. मग 30 वेळा नुसतं उचल-ठेव. हे सगळं दिवसातून तीनदा, सहा आठवडे. यात हनुवटीखालचे स्नायू बळकट होतात. स्वरयंत्र वर आणि पुढे ओढलं जातं, अन्ननलिकेचं तोंड नीट उघडतं. पण मानेचा विकार असेल तर हा व्यायाम देऊ नका. हनुवटीखाली मऊ रबरी चेंडू धरून दाबण्याचा प्रकार बसून करता येतो, वयस्कांना तो झेपतो. मसाको या व्यायामात जिभेचं टोक दातांत धरून गिळायचं असतं, पण फक्त थुंकी. त्या वेळी तोंडात अन्न अजिबात नको. आणि हनुवटी छातीकडे झुकवून गिळणं हा व्यायाम नव्हे. त्या घासापुरती ती सोय असते, आणि तीही सगळ्यांना चालत नाही.

जेवणाबद्दल मात्र इथल्या ताटातूनच विचार करा. मिसळ सगळ्यात अवघड : पातळ कट, कुरकुरीत फरसाण आणि भिजलेला पाव एकाच घासात. मटणाचा तुकडा घातलेला तांबडा रस्सा तसाच. पातळ आणि घट्ट एकत्र आलं की पातळ आधी निसटतं आणि घशात उतरतं. द्रव किती दाट आहे, हे अंदाजाने ठरवू नका. 'इड्सी' या अन्न आणि द्रवांच्या दाटपणाच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीच्या शून्य ते सात अशा पायऱ्या आहेत. त्यातल्या पातळ द्रवांसाठी 10 मिलीची, ठरलेल्या मापाची सिरिंज भरून 10 सेकंद वाहू द्यायची आणि उरलेलं मोजायचं. घरच्या ताईंसमोर हे करून दाखवा. पेज किती दाट हवी ते त्यांना एकदा दिसलं की पुन्हा विचारावं लागत नाही.

दात आणि जीभ रोज साफ करायला सांगायचं विसरू नका. घास बंद असला तरी थुंकी गिळली जातेच, आणि अस्वच्छ तोंडातली थुंकी फुप्फुसात गेली तर न्यूमोनियाचा धोका वाढतो.

इंटर्नशिप निवडताना जिथे फीस होते आणि ईएनटी व न्यूरोलॉजीच्या वॉर्डात जाऊ देतात, अशी जागा मागून घ्या.