आपल्या प्रोग्रॅमिंग लँग्वेजमध्ये 'व्हॅल्यूच नाही' हे कसं मांडायचं

स्वतःची छोटी लँग्वेज लिहायला घेतलीय ना, मग व्हॅल्यू नसली तर काय हे आधी ठरवा, नंतर बघू म्हणून सोडलंत तर पुढे सगळी लायब्ररी उसवावी लागते.

पावसाचे आकडे घ्या. गोव्यातल्या वाळपईला एखाद्या दिवशी ० मिमी म्हणजे दिवस कोरडा गेला, आणि त्या दिवशी कुणी मापच घेतलं नाही ही पूर्ण वेगळी गोष्ट. समजा तीन दिवसांचे आकडे ८०, नोंद नाही, ४०. मधल्याला ० धरलंत तर सरासरी ४०, वगळलंत तर ६०, आणि जुन्या सवयीने 'नोंद नाही' ची खूण म्हणून -९९९ भरून ठेवलंत तर सरासरी उणे २९३! प्रोग्रॅम मात्र काहीही तक्रार न करता चालतो, हेच वाईट.

संगणकशास्त्रज्ञ टोनी होअरने १९६५ च्या सुमारास आल्गोल डब्ल्यू या लँग्वेजमध्ये नल रेफरन्स (कशाकडेच बोट न दाखवणारा रेफरन्स) घातला, करायला सोपं होतं म्हणून, आणि २००९ मध्ये स्वतःच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटलं. नल असण्याला माझी हरकत नाही, तो न सांगता कुठल्याही रेफरन्समध्ये बसतो याला आहे. म्हणून साधा 'आकडा' टाइप (व्हॅल्यूचा प्रकार) कधीच रिकामा नको, रिकामा असू शकेल त्याला वेगळा टाइप द्या. कॉटलिन ही लँग्वेज टाइपपुढे प्रश्नचिन्ह लावते, रस्ट ही लँग्वेज ऑप्शन देते, म्हणजे आत व्हॅल्यू आहे की नाही हे सांगणारं वेष्टण.

प्रश्नचिन्ह आणि ऑप्शन सारखेच वाटतात पण नाहीत. मॅपमध्ये (तारीख दिली की तिची नोंद देणाऱ्या यादीत) १२ जुलै शोधला आणि काही मिळालं नाही, तर तारीखच नाही की तारीख आहे पण नोंद कोरी? जावाचा हॅशमॅप दोन्हीला नलच देतो. कॉटलिनमध्ये प्रश्नचिन्हावर प्रश्नचिन्ह लावलं तरी टाइप तोच राहतो, रस्टमध्ये ऑप्शनच्या आत ऑप्शन टिकतो म्हणून दोन्ही उत्तरं वेगळी कळतात. मी तरी ऑप्शनच घ्या म्हणेन, थोडा जास्त कोड लिहावा लागला तरी चालेल.

व्हॅल्यू नसेल तर तिच्या जागी डीफॉल्ट (आधीच ठरवलेली व्हॅल्यू) देणारा ऑपरेटरही पहिल्यापासून ठेवा, पण तो फक्त 'नाही' बघूनच चालला पाहिजे. जावास्क्रिप्टमध्ये लोक त्यासाठी दोन उभ्या रेघांचा 'ऑर' वापरायचे आणि तो खऱ्या ० लाही उडवून डीफॉल्ट बसवायचा, म्हणजे कोरडा दिवस गायब. शेवटी २०२० मध्ये दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर आणावा लागला.

आणि सरासरीचं फंक्शन ऑप्शनची लिस्ट सरळ घेऊच देऊ नका. डेटाबेसच्या एस्क्यूएल लँग्वेजचं सरासरी काढणारं एव्हीजी फंक्शन नल गुपचूप वगळतं, तुमच्याकडे कंपायलरने अडवून विचारू दे, वगळू की ० धरू?