सांगलीतून बारावीनंतर थेट हार्वर्ड-एमआयटी: नक्की बघतात काय?

दरवर्षी दिवाळीच्या आसपास ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, पोराला दहावीला ९७ टक्के आहेत, हार्वर्डला होईल का? मी इथनंच बारावी करून तिकडं अमेरिकेत बीएसच्या पदवीला गेलो म्हणून मला विचारतात. मार्क लागतातच, एमआयटीनं तर कोविडमध्ये थांबवलेली एसएटी या प्रवेशपरीक्षेची सक्ती २०२२ मध्ये परत आणली, पण शंभरातली तीन-चार पोरं घेणाऱ्या ठिकाणी मार्कवाले पोत्यानं येतात, त्यामुळं मार्कांवर फाईल उघडते एवढंच.

पुढं बघतात ते हे, की तुमच्या आजूबाजूला जे होतं त्यात तुम्ही केलं काय. कॉमन अ‍ॅपच्या फॉर्ममध्ये (अमेरिकेतली बरीच विद्यापीठं घेतात तो एकच सामायिक फॉर्म) अ‍ॅक्टिव्हिटीला १० जागा असतात, प्रत्येकीचं वर्णन १५० कॅरेक्टरमध्ये बसवायचं. आपली लोकं तिथं अबॅकस, एलिमेंटरी-इंटरमिजिएट, सगळी सर्टिफिकेटं कोंबतात. दहाच्या दहा भरायची सक्ती कुणी केलेली नाही ओ.

मध्ये एका पोराचा फॉर्म बघितला, त्यात नुसतं 'सामाजिक कार्य' लिहिलेलं. खोदून विचारलं तर कळलं की २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरलं तेव्हापासून हा पावसाळ्यात रोज आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी वहीत लिहितो, शेजारच्या रकान्यात कोयना धरणातनं किती क्युसेक सोडलं ते, आणि पाणी इथं पोचायला किती तास लागतील याचा अंदाज काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकतो. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे, पण गाड्या कधी हलवायच्या ते गल्ली याला विचारते. अरे मग हेच लिही की बाबा! अंदाज कुठं चुकला, मग हिशोबात काय बदललं, फॉर्मसाठीचा ६५० शब्दांचा एसे, म्हणजे निबंध, त्यातनंच निघतो.

ऑक्सफर्ड-केंब्रिजचं गणित वेगळं. तिथं विषय एके विषय, टीमचा कॅप्टन होता का याला फार किंमत नाही, इंटरव्ह्यूत नवीन प्रश्न समोर टाकून तुम्ही डोकं कसं चालवता ते बघतात. फॉर्मची तारीखही लवकर, १५ ऑक्टोबर.

शिफारसपत्राचा मात्र आपल्याकडं आनंदच असतो. 'आज्ञाधारक व होतकरू विद्यार्थी' असलं पत्र काय कामाचं? सरांना वर्गातले एक-दोन प्रसंग आठवण करून द्या, त्यात लाजायचं काही नाही.

पैशाचं म्हणाल तर हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ही परदेशी पोरांनाही मदत मागितली म्हणून मागं टाकत नाहीत आणि घेतलं तर गरजेएवढी मदत देतात. बाकी बऱ्याच ठिकाणी मदत मागितली की चान्स कमी होतो, त्यामुळं यादी करायच्या आधी घरी बसून आकडा ठरवा.

आणि हो, अमेरिकेचे बरेचसे फॉर्म जानेवारीच्या सुरुवातीला बंद होतात, आपली बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. म्हणजे बारावीचे अंदाजे मार्क कॉलेजनं आधी लिहून द्यायचे असतात. 'निकालाआधी मार्क कसे देऊ' म्हणून ऑफिसात अडवतात, तेव्हा प्राचार्यांना गणपतीच्या आधीच गाठा.