सम कशी पकडावी?

गावच्या सभामंडपात रात्री भजन रंगलं की खांबाला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या बावाचीही मान नेमक्या एका जागी हलते. ती जागा म्हणजे सम, तालाच्या आवर्तनाची, म्हणजे एका फेरीची, पहिली मात्रा. मात्रा म्हणजे मोजायचा एकेक ठोका. गाणारा कितीही फिरून आला तरी तबलजीला तिथेच भेटतो.

आपल्याकडची बरीच भजनं केहरव्यात, म्हणजे 8 मात्रांत चालतात. तरी शिकताना 16 मात्रांचा तीनताल घ्यावा असं माझं मत. केहरव्यात सम इतक्या लवकर परत येते की चुकलेलं कळतच नाही.

आधी ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, तोंडाने म्हणा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. सोबत हात चालू द्या. 1, 5 आणि 13 वर टाळी, 9 वर हात उलटा, ती ‘खाली’, म्हणजे टाळी नसलेली जागा. मोजायला बोटंच पुरतात. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं आणि टोक, झाल्या 16 जागा. मोबाईलवर संथ लेहरा, म्हणजे आवर्तनभर फिरत राहणारी एकच धून, लावून रोज थोडा वेळ हेच करा, गाणं नंतर.

मग मोजणं सोडून डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या घुमणाऱ्या मोठ्या भांड्याकडे, कान लावा. 10 व्या मात्रेला त्याचा घुमारा बंद होतो आणि 14 ला परत येतो. तो परतला की धिं, धिं, धा आणि पुढचा धा म्हणजे सम. खंजिरीत वेगळा डग्गा नसतो. तिथे धृपदातल्या, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीतल्या, कोणत्या अक्षरावर जोर पडतो ते ऐकावं लागतं.

सगळ्यात जास्त पोट्टे फसतात ते इथे: गाण्याचा पहिला शब्द म्हणजेच सम असं धरून बसतात. तीनतालातल्या कितीतरी बंदिशी 9 व्या मात्रेपासून उठतात आणि 8 मात्रांनी समेवर येतात. म्हणून मुखडा, म्हणजे समेवर येणारा सुरुवातीचा तुकडा, कुठे सुरू झाला यापेक्षा कुठे टेकला ते बघा. तबलजीने एकच तुकडा तीनदा वाजवला तर ती तिहाई. बहुतेकदा तिचा शेवटचा ठोका समेवरच पडतो.

7 मात्रांच्या रूपकात मात्र डग्ग्याची खूण उलटी लागते. तिथे सम ‘खाली’च्या जागीच असते, ठेका तिं तिं ना, धिं ना, धिं ना असा, आणि पहिल्या मात्रेला घुमारा येतच नाही. रूपक आहे का, हे पेटीवाल्याला आधीच विचारून घ्या.