या चुका टाळा: माजी विद्यार्थ्यांच्या रग्बी संघाचा हंगाम कुठे बिघडतो

गणपती आटोपले की शाळेच्या ग्रुपवर पहिला मेसेज येतो, यंदा संघ उतरवायचा. आठवड्याभरात दुसरा येतो, येत्या रविवारी मॅच ठेवू. हंगामाची निम्मी वाट या दुसऱ्या मेसेजनं लागते. चार महिने पावसात धड धावणंही न झालेली पोरं, त्यातली काही मुंबईहून रात्रीच्या गाडीनं आलेली, काही सकाळी बागेत फवारणी करून आलेली, आणि थेट मॅच. पहिल्याच रविवारी दोघांचे खांदे जातात, आणि नोव्हेंबरच्या स्पर्धेला बारा नावं भरताना कुणाच्या तरी धाकट्या भावाला बोलवावं लागतं.

सेव्हन्स, म्हणजे सात जणांची रग्बी, कागदावर सोपी दिसते. सात मिनिटांचे दोन हाफ, मध्ये जास्तीत जास्त दोन मिनिटं विश्रांती, सात खेळाडू आत, पाच बाहेर. पण मैदान पंधरा जणांच्या खेळाचंच असतं, सुमारे सत्तर मीटर रुंद. म्हणजे बचावात माणशी दहा मीटर. एक टॅकल (चेंडूवाल्याला धरून खाली आणणं) हुकला की मागे कुणीच नाही, सरळ ट्राय, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून गुण. म्हणून सुरुवातीच्या दोन आठवड्यांत मॅच नको, टॅकल हवा. मॅचची घाई असलेल्यांनी निदान एवढं तरी ऐकावं.

कबड्डीची पकड रग्बीत तशीच आणू नका

कोकणातल्या बहुतेक शाळांचे संघ कबड्डीतून आलेल्या पोरांवर उभे राहतात, आणि ही जमेची बाजू आहे. खाली बसून वावरणं, समोरच्याच्या कमरेवर नजर, बोटांची घट्ट पकड, यातलं काही त्यांना शिकवावं लागत नाही. मात्र तीन सवयी सोडवाव्या लागतात, आणि सोडवायला वेळ लागतो.

सगळ्यात महाग पडते ती न सोडण्याची सवय. कबड्डीत चढाईवाल्याचा दम जाईपर्यंत, शिट्टी होईपर्यंत पकड ठेवायची असते. सुटला आणि मध्यरेषेला हात लागला, तर गुणही त्याचे. रग्बीत याच्या अगदी उलट. चेंडूवाल्याला धरून जमिनीवर आणलं की त्याच क्षणी त्याला सोडायचं, बाजूला व्हायचं, पायांवर उभं राहायचं आणि मगच चेंडूला हात लावायचा. आडवं पडून धरून ठेवलं तर पेनल्टी.

एका माजी विद्यार्थी संघाचं उदाहरण बोलकं आहे. सातपैकी पाच जण जिल्हा पातळीपर्यंत कबड्डी खेळलेले, अंगानं दणकट. पहिल्या मॅचमध्ये टॅकल एकही चुकला नाही, तरी हाफ संपायच्या आत पाच पेनल्ट्या गेल्या, सगळ्या न सोडल्याबद्दल. पंचांनी दोनदा ताकीद दिली, मग पिवळं कार्ड दाखवलं. सेव्हन्समध्ये पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर. चौदा मिनिटांच्या मॅचमध्ये दोन मिनिटं सहा जणांनी सत्तर मीटर राखायचे. त्या दोन मिनिटांत दोन ट्राय बसले आणि मॅच तिथेच गेली. बाहेरून शाळेची मंडळी ओरडत होती, "सोडू नको रे!" पोरं प्रेक्षकांचं ऐकत होती, पंचांचं नाही.

उपाय साधा आहे, पण शंभरदा करावा लागतो. टॅकल पूर्ण झाला की दोन्ही तळवे जमिनीवर जोरात आपटायचे, उठायचं, मग चेंडू. तळवे आपटले म्हणजे हात सुटलेच, आणि पंचांनाही ते दिसतं. प्रत्येकानं प्रत्येक प्रॅक्टिसला वीसदा करावं. मॅचमध्ये टॅकल करणाऱ्याच्या जवळच्या साथीदारानं "सोड!" म्हणून ओरडायचं, बाकी कुणी काही बोलायचं नाही. बाहेरच्या मंडळींनाही हे आधी समजावून सांगा.

दुसरी सवय घोटापकडीची. कबड्डीत चढाईवाला दोन-तीन मीटरवर नाचत असतो, त्याच्या घोट्यावर झेप घेताना डोकं त्याच्या पायांपुढे गेलं तरी बहुधा निभावतं. रग्बीत समोरचा वीस मीटरवरून पूर्ण वेगात येतो. डोकं पुढे गेलं की त्याचा गुडघा किंवा कमरेचं हाड थेट कानशिलावर बसतं. बेशुद्ध पडण्याचे प्रकार बहुतेक असेच होतात, आणि मार टॅकल करणाऱ्यालाच बसतो. डोकं नेहमी चेंडूवाल्याच्या मागे, गाल त्याच्या नितंबाला टेकलेला, डोळे उघडे, हनुवटी वर. ज्या खांद्यानं भिडायचं त्याच बाजूचा पाय त्याच्या पायांजवळ टाका. पाय लांब राहिला की माणूस हवेतून झेपावतो, आणि झेपावला की डोकं कुठे जाईल ते कुणाच्याच हातात नसतं.

तिसरी सवय धडकेची. चढाईवाल्याला खांद्यानं रेषेबाहेर ढकलतात तसं इथे चालत नाही. दोन्ही हातांनी कवटाळायचा प्रयत्न दिसलाच पाहिजे, आणि पकड खांद्यांच्या रेषेच्या खाली हवी. यात सवलत नाही.

हे सगळं शिकवताना क्रम मोडू नका. पहिल्या दिवशी दोघंही गुडघ्यांवर, एक मीटर अंतर, उजव्या खांद्यानं दहा, डाव्यानं दहा. डावा खांदा टाळणारे हमखास असतात, त्यांच्याकडून डाव्यानं वीस करून घ्या. मग टॅकल करणारा गुडघ्यावर आणि चेंडूवाला चालत. मग दोघं चालत. मग हलक्या धावेनं. शेवटी पाच मीटर रुंद, दहा मीटर लांब पट्ट्यात पूर्ण वेगानं. दोन आठवड्यांत चार प्रॅक्टिस यालाच द्याव्या लागतात. "आम्हाला येतं" म्हणणाऱ्या जुन्या बॅचच्या दादांनीही गुडघ्यांपासूनच सुरुवात करावी. उलट त्यांनी जास्तच, कारण पस्तिशीनंतर मान पूर्वीसारखी राहत नाही.

डोक्याला मार लागल्यावर "बरा आहे मी" हे ऐकू नका

ज्याच्या डोक्याला मार लागलाय त्यालाच "खेळशील का?" विचारणं चूक आहे. तो हो म्हणणारच. तोल जातोय, नजर हरवली आहे, स्कोअर आठवत नाही, मळमळतंय, यातलं एकही दिसलं की बाहेर, आणि त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, फायनल असली तरी. त्याला एकटं सोडू नका, गाडी चालवू देऊ नका. उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल, झोपेतून नीट जागा होत नसेल, तर वाट न पाहता हॉस्पिटल. पुढे डॉक्टर पाहतील, पण किमान तीन आठवडे मॅच नाही हा संघाचा नियम असावा आणि तो कर्णधाराच्या हातात नसावा. खेळत नसलेल्या एका माणसाला हा अधिकार द्या. एखाद्या वर्गमित्राचा निर्णय सगळ्यांना पटत नसेल तर शाळेतल्या जुन्या पीटीच्या सरांना बसवा. त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही.

पुळणीवर प्रॅक्टिस: आधी तिथी बघा

टॅकल शिकायला ओल्या, घट्ट वाळूसारखी जागा नाही. जांभ्याच्या सड्यावरची (खडकाळ पठारावरची) मैदानं ऑक्टोबरच्या उन्हात दगडासारखी होतात, तिथे पहिल्या दोन आठवड्यांत गुडघे आणि कोपरं सोलून निघतात. पण संध्याकाळी साडेपाचची वेळ ठरवून सगळे किनाऱ्यावर येतात आणि पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं असतं, हे दरवर्षी होतं. मोबाईल सगळ्यांच्या खिशात असतो, तिथी कुणी पाहत नाही.

मच्छीमारांचा हिशेब आपल्यालाही पुरतो. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची साधारण वेळ, शुक्ल असो वा कृष्ण पक्ष. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचला पुळण रुंद मोकळी. शिवाय उधाणाचे (मोठ्या भरती-ओहोटीचे) दिवस असल्यानं पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे जातं. रोज वेळ पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते, तेव्हा चतुर्दशी ते द्वितीया हे संध्याकाळच्या प्रॅक्टिसचे दिवस धरा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फारसं मागे जात नाही, त्या दिवसांत शाळेच्या मैदानावर पासिंग करा.

सुरू करण्याआधी सगळ्यांनी हातभर अंतर ठेवून एका ओळीत पूर्ण पट्टा चालून काढावा. जाळ्यांचे तुकडे, गळ, फुटक्या काचा आणि कालवं उचलायची. मऊ कोरड्या वाळूत पळवू नका. टाच रुतते आणि पोटऱ्या धरतात. पहिल्या आठवड्यात वाळूवर चाळीस मिनिटं पुरे. चेंडू घरी नेऊन गोड्या पाण्यानं धुवा, खारं पाणी व्हॉल्व्हची वाट लावतं.

थोडक्यात आवरण्यासारख्या चुका

चेंडू पाच नंबरचा हवा. हवा साडेनऊ ते दहा पीएसआय, आणि ती मॅचच्या सकाळी पाहायची. उन्हात गाडीत राहिलेला चेंडू टणक होतो आणि हातातून निसटतो. पंपाची सुई कोरडी घालू नका.

बुटांचे स्टड 21 मिलिमीटरपेक्षा लांब नकोत. कडक जमिनीवर मोल्डेड (तळव्यातच ओतलेले) स्टड बरे. नवे बूट स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालणाऱ्याला पायाला फोड आल्यावर काहीही म्हणू नका, त्याला ते कळलेलं असतं.

माऊथगार्ड उकळत्या पाण्यात बुडवून दातांवर बसवायचा असतो. पाकिटातून काढून तसाच तोंडात धरला तर पहिल्याच धडकेला बाहेर पडतो. बसवल्यावर गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका.

नखं कापा. अंगठी, गळ्यातली चेन, हातातलं कडं घरी ठेवा.

सेव्हन्समध्ये ट्राय करणारा संघच पुन्हा किक-ऑफ मारतो आणि कन्व्हर्जन (ट्रायनंतरची जादा गुणांची किक) ड्रॉप किकनंच, म्हणजे चेंडू हातातून सोडून टप्पा पडताच, मारायचं असतं. फुटबॉलमधून आलेले दोन्ही विसरतात.

दोन मॅचच्या मधले तास

एका दिवसात तीन-चार मॅच असतात, आणि संघ हरतात ते बहुधा तिसऱ्या मॅचमध्ये. कारण पहिल्या दोन मॅच तेच सात जण खेळलेले असतात. पाच बदली खेळाडू शोभेला नसतात. पहिल्या मॅचमध्ये दहा गुणांची आघाडी मिळाली की तिघं बदला, मग कितीही चांगलं चाललेलं असो.

खाण्यात दोन चुका नेहमीच्या. एक, काहीच न खाणं. दुसरी, दुपारी मासळीचं भरलं ताट. पहिल्या मॅचच्या तीन तास आधी पोटभर, आणि मध्ये केळं, गुळाचा खडा, मीठ घातलेली पेज किंवा मूठभर मऊ भात-वरण. तळलेलं आणि नारळाच्या दुधाचं सगळं शेवटच्या शिट्टीनंतर. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या लिटरमध्ये घालून दाट करू नका. कोकम सरबत चालेल, चिमूटभर मीठ घालून. घाम किती जातो ते एकदा प्रॅक्टिसला मोजा, आधी आणि नंतर वजन करून. एक किलो घटलं म्हणजे एक लिटर गेलं.

बंदराजवळच्या बर्फ कारखान्यातून एक लादी सकाळीच आणून गोणपाटात गुंडाळून ठेवा. हा बर्फ पिण्याचा नाही. टॉवेल गार करायला, मुका मार शेकायला, आणि कुणी तापून बरळायला लागला तर ताडपत्रीत पाणी-बर्फ करून त्याला त्यात झोपवायला. आधी गार करा, ते करतानाच अ‍ॅम्ब्युलन्सला फोन.

कागद आणि गाडी

माजी विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत शाळा सोडल्याचा दाखला मागतात. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं निघतं, आडनावाच्या जागी गावाचं नाव किंवा नुसता 'गणू'. हे स्पर्धेच्या टेबलावर कळलं तर खेळाडू बाहेर बसतो. म्हणून बाराही जणांच्या दाखल्यांचे फोटो महिनाभर आधी एका माणसाकडे जमा करा.

मुंबईकरांनी मॅचच्या पहाटे उतरणारी गाडी धरू नये, आदल्या दुपारपर्यंत पोहोचावं. रात्रभर बसून आलेल्याच्या मांडीचे स्नायू सकाळी नऊला साथ देत नाहीत. रेल्वेच्या एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे बारा जणांना दोन तिकिटं, आणि दोन्ही एकाच डब्यात पडतील असं नाही. तेव्हा बूट, माऊथगार्ड आणि जर्सी प्रत्येकानं स्वतःच्या पिशवीत न्यायची. सगळ्यांचं सामान एकाच्या बॅगेत भरायचं नाही.